गणेशोत्सवात स्वमग्न मुलांसाठी शांत वेळ : गिरणगावातील मंडळांनी खर्च कोठून करावा?

परळवासी (धागाकर्ती)

यंदाच्या उत्सवाच्या तयारीची पहिली बैठक आमच्या मंडळात झाली आणि तीत मी एक प्रस्ताव मांडला. दहा दिवसांपैकी कामाच्या एका दिवशी सकाळी दोन तास ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, लुकलुकणारे दिवे स्थिर करावेत, धूप आणि गुलाल टाळावा, आणि त्या वेळात स्वमग्न मुलांना, स्वमग्न प्रौढांना व त्यांच्या घरच्यांना रांगेशिवाय दर्शन घेऊ द्यावे, असा तो साधा प्रस्ताव होता. तत्त्वतः कोणीही विरोध केला नाही. मात्र खजिनदारांनी विचारले की हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा, आणि त्यावर बैठक अडली.

ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे आणि ते आयुष्यभर सोबत असते. अनेक स्वमग्न व्यक्तींना आवाज, प्रकाश, वास आणि स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवतात, तर काहींना अगदी कमी जाणवतात. २०१३ साली अमेरिकेत निदानाचे निकष सुधारले गेले, तेव्हा ही बाब त्यांत स्पष्टपणे समाविष्ट झाली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी शासनाने व स्थानिक संस्थांनी उपाय करावेत असे म्हटले आहे. म्हणजे आपण कोणावर उपकार करायला निघालेलो नाही.

अडचण पैशांच्या स्वरूपाची आहे. आमच्या मंडळाचा मोठा खर्च आता कमानींवरच्या जाहिरातींतून निघतो. जाहिरातदार गर्दी मोजतो, आणि शांत वेळेत तर गर्दी होऊ द्यायचीच नाही. अशा उपक्रमाला पैसा कोणी द्यावा, याविषयी जाणकारांनी लिहावे.

आईची_वही

परळवासी ताई, प्रस्ताव वाचून आनंद झाला, परंतु केवळ ध्वनिक्षेपक बंद केल्याने काम होणार नाही, हे चौदा वर्षांच्या स्वमग्न मुलाची आई म्हणून नम्रपणे सांगते. माझ्या मुलाला आवाजापेक्षाही पुढे काय होणार आहे हे माहीत नसण्याचा त्रास अधिक होतो. रांग कोठे वळेल, किती वेळ उभे राहायचे, मूर्तीपुढे पोहोचल्यावर काय करायचे, यांची छायाचित्रे दोन-तीन दिवस आधी मिळाली तर घरी रोज ती दाखवून मी त्याची तयारी करून घेऊ शकते. प्रवेशद्वार, चप्पल काढण्याची जागा, मूर्ती, प्रसादाचे टेबल आणि बाहेर पडण्याचा रस्ता, एवढी पाच-सहा छायाचित्रे मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर दिली तरी पुरे. त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांच्या हातांची आहे. मूर्तीपुढे माणूस क्षणभर थांबला की ‘चला, पुढे चला’ म्हणत त्याच्या पाठीवर किंवा मानेवर हात ठेवून त्याला पुढे सरकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. गर्दी हलती ठेवण्यासाठी ती आवश्यक असेल, परंतु अनोळखी हात मानेला लागताच माझा मुलगा खाली बसतो, कान गच्च दाबून धरतो आणि मग त्याला उठवणे कोणाच्याही आवाक्यात राहत नाही. लहान होता तेव्हा उचलून नेता येत असे. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि बघणारे म्हणतात, एवढा मोठा मुलगा हट्ट करतो आहे. त्या दोन तासांत कोणीही कोणाला हात लावणार नाही, एवढाच नियम केला तरी निम्मे काम होईल.

प्रसाद ओंजळीत न देता द्रोणात द्यावा, हेही सुचवते. ओलसर, चिकट शिरा तळहातावर पडणे कित्येक मुलांना सहन होत नाही.

ध्वनिमापक

माझा व्यवसाय ध्वनियंत्रणेचा असल्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या किमान १०० मीटरच्या, शासनाने घोषित केलेल्या शांतता क्षेत्रात ती ५० आहे. केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये परळमध्ये एकमेकांना खेटून असल्यामुळे तेवढे अंतर धरले तर आपल्या भागात त्याबाहेरची गल्ली शोधावी लागते. साध्या गप्पाच ६० डेसिबलच्या आसपास जातात, तेव्हा ताशाचे काय होते हे सांगायला नको.

मोकळ्या मैदानात आवाजापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. गिरणगावच्या गल्ल्यांत मात्र दोन्ही बाजूंना चाळींच्या भिंती असल्यामुळे आवाज परततो आणि एवढा उतार मिळत नाही. म्हणून आवाज कमी करण्यापेक्षा ध्वनिक्षेपकाचे तोंड फिरवणे अधिक उपयोगाचे ठरते. बहुतेक मंडपांत ‘टॉप’ म्हणजे वर टांगायचे ध्वनिक्षेपक प्रवेशद्वारावर, रांगेकडे तोंड करून टांगलेले असतात, म्हणजे माणूस जितका जास्त वेळ थांबणार तितका जास्त वेळ तो मारा सोसणार. ते आतल्या बाजूला वळवून संख्येने अधिक पण लहान ध्वनिक्षेपक कमी आवाजात लावावेत.

शांत वेळ संपल्यावर आवाज एकदम सुरू करू नये, हेही महत्त्वाचे आहे. पातळीपेक्षा अचानकपणा जास्त दचकवतो. पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढवावा. कान झाकणारे संरक्षक, जे कारखान्यांत वापरतात तेच लहान मापात, हजारेक रुपयांच्या आत मिळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात.

दुपारपाळी

पैसा कोठून आणायचा याचे उत्तर शोधण्याआधी तो पूर्वी कोठून येत होता हे पाहावे, असे मला वाटते. माझे वडील गिरणीच्या सांचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. ते सांगत की पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर मंडळाचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन उभा असे आणि बदली कामगारसुद्धा यथाशक्ती वर्गणी देत असे. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे. लालबागच्या राजाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद पडला, उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस केला, आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये मूर्ती बसवली. गेलेल्या रोजगाराशी आपल्या उत्सवाचे नाते नवे नाही, ही गोष्ट या चर्चेत मला मोलाची वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्यात बदल करून ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. सार्वजनिक वाट्याला त्यामुळे किती आकुंचन आले, हे लोअर परळच्या पुलावर उभे राहून कोणालाही दिसेल.

हे सगळे येथे लिहिण्याचे कारण असे की, शांत वेळेसाठी आज आपण जी मैदाने, सभागृहे आणि शांत खोल्या शोधत आहोत, त्या महापालिकेच्या या एक-तृतीयांश वाट्यातून उभ्या राहायला हव्या होत्या. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या स्वमग्न मुलाला उत्सवाच्या दहा दिवसांत पळून जायलाही जागा नाही, कारण ध्वनिक्षेपक त्याच्या खिडकीखाली असतो. मंडपातल्या दोन तासांबरोबर त्या खिडकीचाही विचार व्हावा. आणि गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ज्या टॉवरांच्या जाहिराती कमानीवर झळकतात, त्यांच्याकडून मागायचे ते देणगी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागावे, एवढे माझे म्हणणे आहे.

शिवडीकर

विरोधासाठी विरोध करत नाही, पण दोन शंका मांडतो. स्वतंत्र वेळ ठेवणे म्हणजे या मुलांना उत्सवाच्या उरलेल्या सगळ्या वेळातून बाहेर ठेवणे तर नव्हे? शिवाय आमच्याकडे रात्रपाळी करून सकाळी मंडपात उभे राहणारे कार्यकर्ते मोजकेच उरले आहेत. जुनी कुटुंबे विरार, बदलापूर, पनवेलकडे गेली आणि पोरे लोकलने येऊन सेवा देतात. त्यांना सकाळचे दोन तास आणखी थांबवायचे तर किमान चहा-नाश्ता आणि प्रवासखर्च द्यावा लागेल. माझ्या मते खरा खर्च तोच आहे, दिव्यांचा किंवा पडद्यांचा नाही. बाकी, पुढारी आणि तारे-तारकांसाठी रांग थांबवता येते तर मुलांसाठीही येईल, एवढे मान्य करतो.

शांत_प्रवासी

मी स्वतः स्वमग्न आहे, वय ३१, नोकरी करतो आणि भायखळ्यात राहतो. वर सगळे मुलांविषयी लिहीत आहेत, म्हणून सांगावेसे वाटते की मुले मोठी होतात आणि स्वमग्नच राहतात.

शिवडीकरांच्या पहिल्या शंकेशी मी अंशतः सहमत आहे. मला ढोल आवडतो. ढोलाचा ठेका ठरलेला असतो, पुढचा ठोका कधी येणार हे मला ठाऊक असते आणि तो छातीत बसतो तेव्हा मला बरे वाटते. मला असह्य होते ती ताशाची तडतड, फटाका आणि एकाच वेळी वाजणारी दोन मंडळांची वेगवेगळी गाणी. माझ्यासारख्याला दोन तासांच्या पूर्ण शांततेपेक्षा दहाही दिवस उपलब्ध असलेला एक कोपरा अधिक उपयोगी पडेल, जेथे पंखा असेल, दिवा मंद असेल, दोन खुर्च्या असतील आणि कोणी येऊन ‘काय झाले, पाणी हवे का’ असे विचारणार नाही. तेथे पंधरा मिनिटे बसलो की मी पुन्हा मिरवणुकीत जाऊ शकतो. दोन्ही सोयी हव्यात, परंतु एकच परवडणार असेल तर माझे मत कोपऱ्याला आहे.

आणखी एक अट. शांत वेळेत छायाचित्रे काढून ती ‘विशेष मुलांसोबत बाप्पा’ अशा मथळ्याखाली प्रायोजकाच्या नावासह लावली जाणार असतील, तर मी येणार नाही आणि माझ्या ओळखीचे कोणीही येणार नाही.

हिशेबनीस

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी सनदी लेखापाल आहे आणि काही मंडळांचे हिशेब पाहतो, त्यामुळे प्रत्येक स्रोताची मर्यादा सांगू शकतो.

सामाजिक दायित्व निधी म्हणजे सीएसआरचे नाव प्रत्येक बैठकीत निघते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कलम सांगते. लोअर परळमध्ये अशा कंपन्यांची कार्यालये शोधायला लांब जावे लागत नाही. मात्र बाजारातील लाभासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआर धरले जात नाही, त्यामुळे कमानीवर नाव झळकवून ती रक्कम सीएसआरमध्ये दाखवता येणार नाही. केंद्राने २०१४ च्या परिपत्रकात एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत असे म्हटले होते. म्हणजे शांत सकाळ हा एकदिवसीय कार्यक्रम म्हणून नेली तर ती नाकारली जाण्याचीच शक्यता अधिक. वर्षभर चालणारे काम म्हणून, उदाहरणार्थ कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र व होळी या सर्व सणांतील शांत कोपरे आणि पालकांचा मेळावा असे एकत्र बांधून नेली तर ती विशेष शिक्षण व दिव्यांगांच्या सक्षमीकरणाखाली बसू शकते. पैसे घेणारी संस्था प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून व देणगीदारांच्या करसवलतीसाठी नोंदलेली, केंद्राकडे सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरलेली आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेली लागते. बहुतेक मंडळे येथेच बाद होतात. त्यांनी दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला पुढे करून स्वतः जागा व माणसे द्यावीत.

आमदार निधीतून टिकाऊ कामे होतात, म्हणजे खोली बांधून मिळेल, पण त्या खोलीत बसणाऱ्या माणसाचे मानधन मिळणार नाही. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा असे शासनाचे आदेश आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला आहे. हे दोन धागे एकत्र बांधण्याची मागणी महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे लेखी करायला हरकत नाही. निवेदनात कलम २९ चा उल्लेख जरूर करावा.

उरली वर्गणी. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेतली की जमाखर्च दाखवण्याची शिस्त आपोआप लागते. माझा सल्ला असा की शांत वेळेचा खर्च मंडळाने स्वतःच्या वर्गणीतूनच करावा. रक्कम लहान आहे, आणि अंदाजपत्रकात तिला एकदा स्वतंत्र ओळ मिळाली की पुढच्या वर्षी ती काढून टाकण्यासाठी कोणाला तरी उभे राहून तसे म्हणावे लागते. प्रायोजकाचा पैसा न सांगता थांबतो.

एसेनहून

मी कामानिमित्त जर्मनीतील रूर भागात राहतो. येथील झोलफेराइन ही प्रचंड कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आज तेथे संग्रहालये व सांस्कृतिक कार्यक्रम आहेत. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एम्शर नदीच्या खोऱ्यातील बंद कारखान्यांच्या जमिनी उद्याने व सार्वजनिक जागा करण्याची मोठी योजना येथे राबवली गेली. देशातील शेवटची दगडी कोळशाची खाण बॉट्रॉप येथे २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. तपकिरी कोळसा सोडणाऱ्या प्रदेशांसाठी २०२० च्या कायद्याने २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली आहे. गिरणगावाच्या वाट्याला असे काहीच आले नाही, हे दुपारपाळी यांच्या लिखाणावरून दिसतेच.

तरीही तक्रार इथलीही तीच आहे. मोठा पैसा रस्ते, इमारती आणि संशोधन केंद्रांकडे वळतो. ब्रिटनमध्ये खाणी बंद पडलेल्या गावांसाठी १९९९ मध्ये कोलफिल्ड्स रीजनरेशन ट्रस्ट स्थापन झाला आणि तो स्थानिक संस्थांना लहान अनुदाने देतो. मला ते स्वरूप मुंबईसाठी अधिक विचारात घेण्यासारखे वाटते. एक छोटी माहितीही देतो. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाची नक्षी असलेली गळ्यातली फीत सुरू झाली. ती घातलेल्या व्यक्तीला न दिसणारी अडचण असू शकते, हे कर्मचाऱ्यांना कळते आणि कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही. मंडळांना असे काही सहज करता येईल.

आईची_वही

फितीची कल्पना चांगली आहे, पण ती ऐच्छिक असावी. माझा मुलगा गळ्यात काहीही टिकू देत नाही. त्याच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला मी फोन क्रमांक शिवून ठेवला आहे, कारण गर्दीत हात सुटला तर तो स्वतःचे नाव सांगू शकत नाही. ‘हरवले-सापडले’ कक्षात बसणाऱ्या कार्यकर्त्याला हे माहीत असले पाहिजे की न बोलणारे मूल ध्वनिक्षेपकावर नाव पुकारून सापडत नाही. त्याला शोधताना पाणी, फिरता पंखा, रोषणाईची माळ, अशा त्याला खेचून घेणाऱ्या गोष्टींजवळ आधी पाहावे. शांत_प्रवासी यांच्या छायाचित्रांविषयीच्या अटीला माझा संपूर्ण पाठिंबा आहे.

मोहनेकर

आंबिवलीजवळच्या मोहन्यातून लिहितो. आमची एनआरसी म्हणजे नॅशनल रेयॉन कंपनी २००९ पासून बंद आहे. वसाहत रिकामी होत गेली आणि मंडळही आटले. आमच्या शेजारी ना टॉवर आहेत ना सीएसआर देणारी कार्यालये. अशा ठिकाणी काय करावे, तेही कोणी सांगावे.

परळवासी (धागाकर्ती)

मोहनेकर दादा, तुमच्या प्रश्नामुळे हिशेबनीस यांचा सल्ला मला अधिक पटला, कारण तो टॉवर नसलेल्या ठिकाणीही लागू पडतो.

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून मी सुधारित प्रस्ताव तयार केला आहे. शांत सकाळ एकच राहील, पण मंडपामागची कार्यालयाची खोली दहाही दिवस शांत कोपरा म्हणून खुली असेल. तेथील ट्यूबलाइट काढून मंद दिवा लावू. ध्वनिक्षेपकांची तोंडे वळवण्याविषयी मंडपवाल्याशी बोलणे झाले आहे आणि तो जादा पैसे मागत नाही. छायाचित्रांवर बंदी राहील. खिडकीखालच्या ध्वनिक्षेपकाबाबत मात्र अजून मतैक्य नाही, त्यासाठी चाळीतल्या घरांची यादी करावी लागेल.

खर्च दोनच गोष्टींचा उरतो, सकाळच्या सहा कार्यकर्त्यांचा प्रवास व नाश्ता आणि कान झाकणाऱ्या संरक्षकांची एक पेटी. ‘शांत वेळ व शांत कोपरा’ या नावाने अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ घालून ती वर्गणीतून भागवावी, असे मी पुढील बैठकीत मांडणार आहे. विभाग कार्यालयाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा हिशेबनीस यांनी येथे टाकला तर इतर मंडळांनाही तो वापरता येईल. आणि मोहनेकर दादा, आमची पेटी अनंत चतुर्दशीनंतर रिकामीच पडून राहील. नवरात्रात तुमच्याकडे हवी असल्यास येथेच कळवा, लोकलने पाठवण्याची सोय करू.